व्रण: इलाज आणि वैरी

हेल्महोल्ट्झने १८५१ साली आपल्या नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, डॉक्टरांना नीट पाहता येऊ लागले. सुटलेला पडदा दिसू लागला. पण तो परत बसवायचा कसा, हे कोडे पुढे अनेक दशके सुटले नाही. लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले, की पडद्याला पडलेले छिद्र हेच दुखण्याचे मूळ आहे. त्या जागी डाग दिला, की पडदा चिकटतो. म्हणजे हा इलाज मुद्दाम घडवलेला व्रणच होता.

काही रुग्णांत मात्र व्रण तेवढ्यावर थांबत नसे. काही आठवड्यांत पडद्यावर सायीसारखा पापुद्रा धरे, आकसे आणि पडदा पुन्हा ओढून काढी. १९७० च्या दशकात मायामीच्या रॉबर्ट माखेमर यांच्या शस्त्रक्रियेमुळे डोळ्यातला काचद्रव काढून हे पापुद्रे सोलता येऊ लागले. तरीही काहींत ते पुन्हा धरत.

हे विणकाम करतो कोण? उत्तराचे धागे डोळ्याबाहेर सापडले. मेचनिकॉफने १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या अळीत काटा खुपसला, तेव्हा भटक्या पेशी त्याभोवती गोळा झाल्या. स्पेनच्या रिओ-ओर्तेगाने १९१९ मध्ये मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी वेगळ्या ओळखल्या. त्या दृष्टिपटलातही पहारा देतात. १९७१ मध्ये जिनिव्हात गाबियानी आणि सहकाऱ्यांनी भरत्या जखमेत स्नायूसारख्या आकसणाऱ्या पेशी दाखवल्या.

आज हे धागे जुळले आहेत. छिद्रातून पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशी काचद्रवात सांडतात. रक्ताला अडवणारा बांध फुटून रक्तातली प्रथिने आत झिरपतात. मायक्रोग्लिया आणि भक्षकपेशी धावून येतात, टीजीएफ-बीटासारखी प्रथिने सोडतात. त्या हाकेने सांडलेल्या पेशी रूप पालटतात, कोलॅजन विणतात आणि आकसू लागतात. उतारवयातल्या ‘ओल्या’ मॅक्युला-विकारातही असेच घडते: इंजेक्शनांनी गळक्या रक्तवाहिन्या आवरतात, तरी अनेकांच्या पडद्याखाली व्रण उरतो आणि मधली नजर जाते.

या पेशींना सरसकट गप्प करावे, तर कचरा उचलणारे आणि जखम भरणारे हातही तेच. गोनँना जो व्रण हवा होता, तोच माखेमरना सोलावा लागला. तो नेमका कुठे थांबवायचा, हाच आजच्या संशोधनापुढचा प्रश्न आहे.