‘कुठची’ या शब्दातली ची

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावर मासळी घेऊन बसणाऱ्या आजींनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, “तू कुठची गो बाय?” समोरच्या इमारतीकडे बोट दाखवून मी म्हटलं, “बाळकुमची.” आजींनी बांगडे मोजणं थांबवलं नाही. “तसं नाय. मूलची कुठची?”

आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘मूळची’ची झाली ‘मूलची’. मला मात्र त्या दोन्ही प्रश्नांतली ‘ची’ चावली. मराठीतला ‘चा-ची-चे’ संस्कृतातल्या ‘त्य’पासून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात: दाक्षिणात्य, पाश्चात्त्य यांतला तो ‘त्य’. प्राकृतात ‘सत्य’चं ‘सच्च’ होतं, तसं ‘त्य’चं ‘च्च’ आणि पुढे ‘चा’. म्हणजे मुळात हा प्रत्यय मालकी सांगणारा नसून ठिकाण सांगणारा, ‘तिथे होणारा, तिथला’ अशा अर्थाचा. ‘रामाचा घोडा’ ही नंतरची ऐट.

हे मान्य केलं, तर श्री. ना. पेंडशांच्या १९५२ सालच्या कादंबरीचं नाव नव्याने वाचावं लागतं. ‘गारंबीचा बापू’. नावात बापूच्या स्वभावाबद्दल अवाक्षर नाही, फक्त गाव आणि एक प्रत्यय. इअन रेसाइड यांनी ही कादंबरी इंग्रजीत नेली, तेव्हा बापूच्या आधी ‘वाइल्ड’ हे विशेषण बसलं. का बसलं असेल ते समजतं. परक्या वाचकाला ‘गारंबीचा’ एवढ्यावरून काहीच कळत नाही, त्याला माणसाचा पिंड सांगावा लागतो. मराठी वाचकाला गाव सांगितलं की निम्मा माणूस सांगून झाला असं आपण धरून चालतो. (गारंबी नावाची एक दांडगी रानवेलही सह्याद्रीत आहे. झाडांना विळखे घालत वर चढते आणि तिच्या शेंगा हातभराहून लांब असतात. पेंडशांच्या मनात ती होती असा माझा दावा नाही, पण माझ्या मनातून ती जात नाही.)

पिंड आणि परिसर यांच्या वादात आपल्या म्हणी दोन्ही पक्षांचं वकीलपत्र घेतात. ‘खाण तशी माती’ ही पहिल्या पक्षाची. दुसऱ्या पक्षाची ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. ही दुसरी मला जास्त हुशार वाटते. ‘वाण’ म्हणजे ‘वर्ण’, कातडीचा रंग. तो शेजारच्याकडून लागत नाही. ‘गुण’ लागतो. आणि ‘गुण’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ दोरी, दोरीचा पीळ. बैल बांधायची वस्तूच त्या शब्दात आहे! शेतकऱ्याच्या तोंडी ‘वाण’ म्हणजे बियाण्याची जात. तिथे तर वादच मोडीत निघतो, कारण खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे ‘पनवेल’ वाण घडवलेच गेले ते खारभूमीसाठी. वाण मुळातला खरा, पण निवडला तो खाऱ्या मातीने.

आता बापू. ‘खाण तशी माती’ लावायला जावं तर बाप विठोबा, गरीब, दबलेला, गावाने गृहीत धरलेला. त्याच्या पोटी हा कुणाला न जुमानणारा मुलगा. बरं, संगतीचा गुण म्हणावा तर गावात रूढीपुढे मान तुकवणारेच अधिक. राधा नावाच्या बाईशी नातं जोडल्यावर तेच गाव त्याच्या विरोधात उभं राहतं आणि बापू हटत नाही. दोन्ही म्हणी हरतात. मला वाटतं, पेंडशांना परिसर म्हणजे साचा असं म्हणायचंच नव्हतं. गारंबीने बापूला आपल्यासारखं केलं नाही, आपल्याशी भांडायला लावलं, आणि भांडणाची हत्यारंही तिनेच दिली. बापू वर येतो तो सुपारीच्या व्यापारावर, म्हणजे गारंबीच्याच आगरात पिकणाऱ्या मालावर.

‘आगर’ हा शब्द तर बाळकुमच्या उंबऱ्यावरचा. दापोलीकडे आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. पेंडसे त्याच तालुक्यातल्या मुर्डीचे, नोकरी मात्र मुंबईत बेस्टमध्ये. आमच्या ठाण्याकडे आगर म्हणजे मिठाचं, खाडीचं पाणी कोंडून उन्हात आटवायचं, त्यावरूनच ‘आगरी’. एकीकडे गोड्या पाण्यावर जगणारं झाड, दुसरीकडे खारं पाणी, आणि शब्द एकच. त्याचं मूळ सांगतात ‘आकर’, अर्थ खाण किंवा साठा. ‘गुणांचा आगर’ म्हणतो तो हाच. म्हणजे खाण एकच होती, पण एका मातीत तिची पोफळ झाली, दुसरीत मीठ. शब्दांच्या बाबतीत तरी ‘खाण तशी माती’ ही म्हण उलटी वाचावी लागते.

‘स्वभाव’ या शब्दाकडूनही फार खात्री मिळत नाही. त्यातला ‘भाव’ ‘भू’ धातूचा: होणं. आपण त्याला दगडासारखा पक्का समजतो आणि ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणतो, पण शब्दाच्या पोटात ‘आपलं आपण होत जाणं’ आहे. ‘प्रकृती’ आणि ‘संस्कार’ तर सख्खी भावंडं, दोघांचा धातू ‘कृ’. जन्मजात ते प्रकृती आणि घडवलेलं ते संस्कार असं आपण शाळेत शिकवतो. धातूच्या लेखी दोन्ही केलेलंच.

आजींना त्या दिवशी मी शेवटी ‘मूळची साताऱ्याची’ असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दोन बांगडे जास्त टाकले. परवा मुलीला पाठवलं होतं. ती याच इमारतीत वाढलेली, इथल्याच मैत्रिणींत. तिलाही तोच प्रश्न. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली, “मी सांगितलं, बालकुमची. पुढे काहीच नाही विचारलं त्यांनी.”