टपावरचा सामुराई

नागासाकीची डच खिडकी सोडली, तर जपानचे दार दोनशे वर्षे बंदच होते. १८५३ च्या जुलैत कमोडोर पेरीची काळी जहाजे उरागापुढे उभी राहिली. पुढल्या वर्षी तह झाला. त्या वेळच्या नजराण्यात एक चिमुकली आगगाडी होती. डब्यात माणूस मावेना. तेव्हा एक सामुराई अधिकारी चक्क टपावर बसला आणि झगा फडफडवीत गोल गोल फिरला! अमेरिकनांना हसू आवरेना. हसोत बापडे! १८५५ च्या सुमारास सागा संस्थानच्या कारागिरांनी स्वतःचे चालते नमुना-इंजिन घडविले. १८७२ त तोक्यो-योकोहामा गाडी धावली. कर्ज आणि इंजिनिअर विलायती, मालकी मात्र जपानी सरकारची. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी एकोणीस वर्षे आधीची, पण कंपनी परक्यांची! जपान्यांनाही किंमत पडलीच. १८७६ त सामुराईंच्या कमरेची तलवार त्यांच्याच सरकारने कायद्याने उतरविली.