स्वयंभू संख्या आणि सोळा आण्यांची मांडणी : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यातील चुडावा हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानचे स्वतःचे 'हाली सिक्का' हे चलन होते. त्यात सोळा आण्यांचा रुपया व बारा पैंचा आणा असे. जुन्या हिशेबात पाव रुपयासाठी उभी रेघ काढीत, तर सुट्या आण्यांसाठी निराळ्या खुणा करीत. म्हणजेच पूर्ण रुपये दशमान पद्धतीने लिहिले जात असले, तरी त्याखालील मोजणी दशमान नव्हती. या मांडणीत संख्यांचे गुणधर्म कसे पालटतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कापरेकरांचे कार्य :
द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळाली येथील शाळेत शिक्षक होते. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. 'स्वयंभू संख्या' ही संकल्पनाही त्यांचीच होय. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली असता नवी संख्या 'जन्मते'. उदाहरणार्थ, १५ + १ + ५ = २१; म्हणून १५ ही २१ ची जनक संख्या होय. ज्या संख्येला असा जनक नाही, ती स्वयंभू. त्यांची श्रेणी १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी चालते. २० पासून येथे अकराचे अंतर दिसते; पुढे मात्र ते सर्वत्र टिकत नाही.

आण्यांतील श्रेणी :
आता रक्कम आण्यांत घेऊन तीत रुपयांची व सुट्या आण्यांची संख्या मिळवू. दहा आण्यांत दहा मिळविले की वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया होतो. सबब २० ला येथे जनक लाभतो व ती स्वयंभू राहत नाही. याउलट दशमान पद्धतीत १० पासून जन्मणारी ११ येथे स्वयंभू ठरते. नवी श्रेणी १ ते १५ मधील सर्व विषम संख्या व त्यानंतर ३२, ४९, ६६, ८३ अशी मिळते. येथील अंतर सतराचे आहे. दहाच्या गटात अकरा, तर सोळाच्या गटात सतरा, हे साम्य लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
यावरून स्वयंभूपण हा केवळ संख्येचा नसून तिच्या लेखनाचाही गुणधर्म आहे, असे दिसून येते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. हिशेब सुलभ झाला, हे निर्विवाद आहे; परंतु दिडकी-अडीचकीच्या पाढ्यांसह मोजणीची एक रीतही मागे पडली. जुन्या खातेवह्या रद्दीत जातात, तेव्हा केवळ देण्याघेण्याच्या नोंदी नव्हे, तर ही रीत समजून घेण्याचे साधनही नष्ट होते. म्हणून मराठवाड्यातील अशा वह्यांचे जतन इतिहासाइतकेच गणिताच्या अभ्यासासाठीही आवश्यक आहे.