परळचं वाडिया हॉस्पिटल आणि आपण

स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासावर लिहा' असं कमिटीने सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी आपलं शिवमंदिर डोळ्यांसमोर आलं. पण शके ९८२ चा शिलालेख आणि शिलाहार राजे यांवर आपल्या अंबरनाथमध्ये दरवर्षी कुणी ना कुणी लिहीतच असतं. म्हणून यावेळी विषय जरा लांबचा घेतला आहे, परळचा. लांबचा म्हणजे तरी किती, तर लोकलने दीड तासाचा.

आणि तसा तो लांबचा नाहीच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. नंतर गिरण्याच एकेक करून बंद पडत गेल्या. लालबाग, परळ, शिवडीची दहा बाय बाराची खोली सोडून कितीतरी कुटुंबं डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरला आली. अशा घरांतले जुने जन्मदाखले काढून बघितले, तर जन्मस्थानाच्या रकान्यात हमखास 'वाडिया' सापडेल. आजही एखादं बाळ कमी दिवसांचं जन्मलं किंवा मुलाच्या आजाराचं निदान इथे होत नसलं, की कुणीतरी म्हणतंच, "वाडियाला दाखवा एकदा." हेच वाडिया जानेवारी २०२० मध्ये बंद पडायच्या बेताला आलं होतं. ते का आलं आणि कसं वाचलं, हे आपण सगळ्यांनी माहीत करून घेण्यासारखं आहे.

त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल. १९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत, हे धरूनसुद्धा आकडा अंगावर येतो. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, अंधार, धूर आणि पाण्याची मारामार. बाई गिरणीत दहा तास उभी. बाळ घरी झोपून राहावं म्हणून त्याला 'बाळागोळी' द्यायची, म्हणजे अफूची गोळी. डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टर बाईंना मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं होतं. अफूची ही चाल घरोघर असल्याचं त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं.

या वस्तीत १९२६ साली नौरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं आणि १९२९ साली शेजारीच बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय. 'बॉम्बे डाईंग'चे संस्थापक नौरोजी वाडिया आणि त्यांच्या पत्नी जेरबाई यांच्या नावाने त्यांच्या मुलांनी, सर कुसरो आणि सर नेस वाडिया यांनी, ही दोन रुग्णालयं उभी केली. पुण्याचं वाडिया कॉलेज आपल्याला ठाऊक असतं, तेही याच घराण्याचं. गिरणीमालकांनी गिरणी कामगारांच्या बायका-मुलांसाठी दवाखाना काढला, यात दानत होती आणि गरजही होती. गरज कामगारांची होती तशी गिरणीचीही होती. आजारी घरातला माणूस कामावर येत नाही.

तो काळच परळ घडण्याचा होता. १९२६ मध्येच केईएम हॉस्पिटल आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्या देणगीच्या विश्वस्तांनी अट घातली होती, की शिकवणारे डॉक्टर हिंदी असले पाहिजेत. इंग्रजांच्या राज्यात ही अट घालणं सोपं नव्हतं, पण ती कागदावर आली म्हणून पाळली गेली. पुढे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल उभं राहिलं. हाफकिन तर आधीपासून होतंच. आजही आपल्या गाडीतून सकाळी फायली आणि एक्स-रेची पाकिटं घेऊन जी माणसं दादर-परळला उतरतात, ती याच एका चौकोनात जातात.

आणखी एक गोष्ट याच वर्षांतली. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, पण मालकाकडून काही भाग घेणंही गैर नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आई आणि बाळ यांचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. वाडियाच्या बाबतीत त्याचं उत्तर करारात होतं. वाडिया विश्वस्त, मुंबई महानगरपालिका आणि सरकार अशा तिघांचा त्यात संबंध. इमारत दानातून झाली, पण गरिबांना फुकट किंवा नाममात्र दरात उपचार द्यायचे तर दरवर्षी तूट येणार. ती भरून काढायला पालिका आणि सरकार यांनी अनुदान द्यायचं.

ही व्यवस्था अनेक दशकं चालली. मुंबई वाढली, ठाणे जिल्हा वाढला, रुग्ण राज्यभरातून येऊ लागले. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आला, मुलांच्या हृदयाच्या आणि कर्करोगाच्या उपचारांची सोय झाली. २०१४ आणि २०१७ मध्ये जन्मतः शरीराने जोडलेल्या जुळ्या बाळांना वेगळं करण्याच्या अवघड शस्त्रक्रिया इथे झाल्या. काम वाढलं तसा खर्चही वाढला. खाटा वाढल्या, माणसं वाढली, वेतन आयोग आले, निवृत्तांचं पेन्शन वाढलं. आणि इथेच वाद सुरू झाला. रुग्णालयाचं म्हणणं, की पालिका आणि सरकार मिळून आमचे दोनशे कोटींहून अधिक रुपये थकले आहेत. पालिकेचं म्हणणं, की मूळ करारात नसलेल्या वाढीव खाटा आणि वाढीव खर्च आम्ही मान्य केलेला नाही, कारभाराबद्दलही आमचे आक्षेप आहेत, आधी हिशेब द्या. कोण किती बरोबर, हा निवाडा करायची ही जागा नव्हे.

पण बँकेत आयुष्य घालवल्यामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटते. बँकेत कर्जखात्याची शिल्लक दरवर्षी कर्जदाराकडून सही करून घेतात. आम्ही त्याला बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतो. ते एक साधं पत्र असतं, पण त्यामुळे दोघांच्या वहीत एकच आकडा राहतो. ते थांबलं की तीन-चार वर्षांत दोन वह्यांत दोन आकडे होतात आणि मग कुणी कुणाचं ऐकत नाही. वाडियाच्या वादात मला तेच दिसतं. देणारे आणि घेणारे दोघंही आपापल्या आकड्यावर ठाम. आणि ज्या बाळाचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्याचा कुठल्याच वहीत संबंध नव्हता. करारावर त्याच्या आईची सही नव्हती.

जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात ही गोष्ट लोकांसमोर आली. औषधं आणि साहित्य पुरवणाऱ्यांची देणी थकली होती. नवीन रुग्ण दाखल करून घेणं जवळपास थांबलं, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या, दाखल असलेल्यांना घरी पाठवायला सुरुवात झाली. परळच्या आचार्य दोंदे मार्गावर पालक फायली हातात घेऊन उभे होते. केईएममध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, मग जायचं कुठे?

मग लोक रस्त्यावर आले. रुग्णालयातले कर्मचारी लाल बावटा जनरल कामगार युनियनच्या झेंड्याखाली दारात बसले. त्यांच्याबरोबर परिचारिका होत्या, आया होत्या, वॉर्डबॉय होते आणि मुलांना कडेवर घेतलेल्या आया होत्या. गिरणगावातले जुने रहिवासी आले. वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी आले. एरवी एका व्यासपीठावर न दिसणारी माणसं तिथे दिसली. त्यातल्या काहींनी थेट उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांची भेट घेतली. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी विषय लावून धरला. दुसरीकडे उच्च न्यायालयात या प्रश्नावर जनहित याचिका चालू होती.

तीनच दिवसांत चित्र पालटलं. उपमुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर पालिकेने २२ कोटी आणि राज्याने २४ कोटी असे मिळून ४६ कोटी रुपये देण्याचं जाहीर झालं. १६ जानेवारीला उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे सुनावणी झाली. राज्याचे पैसे आकस्मिकता निधीतून द्यायचे असल्याने थोडा वेळ लागेल, असं सांगण्यात आलं. त्यावर खंडपीठाने सरकारला चांगलंच सुनावलं. पुतळ्यांना पैसे मिळतात, मग लोकांच्या आरोग्याला का नाही, अशा अर्थाचे शब्द न्यायालयाने वापरले. पैसे लवकर सोडावे लागले आणि वॉर्ड पुन्हा भरू लागले.

आता याचं श्रेय कुणाचं? त्यावेळी प्रत्येकाने आपलं नाव पुढे केलं, ते चालायचंच. मला विचाराल तर एकट्या कुणाचंच नाही. नुसता मोर्चा असता तर आश्वासन मिळालं असतं आणि लोक घरी गेले असते. नुसती याचिका असती तर तारखा पडत राहिल्या असत्या. नुसती मंत्रालयातली भेट असती तर फाईल फिरत राहिली असती. रस्ता, मंत्रालय आणि कोर्ट ही तिन्ही कामं एकाच आठवड्यात झाली, म्हणून पैसे सुटले. आणि या तिन्ही ठिकाणी, ज्यांची करारावर सही नव्हती, त्यांचं म्हणणं पहिल्यांदा ऐकलं गेलं. पैशांइतकंच मला याचं मोल वाटतं.

नंतर दोनच महिन्यांत करोना आला. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा मुंबईतली मोठी रुग्णालयं करोनाच्या रुग्णांनी भरून गेली. बाळंतपणं मात्र थांबत नाहीत आणि मुलांचे आजारही थांबत नाहीत. करोनानंतर लहान मुलांत जो गंभीर आजार दिसला, त्याची मुलंही वाडियात आली. जानेवारीत दारं बंद झाली असती तर या मुलांचं काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

तरी ४६ कोटी म्हणजे थकबाकीच्या दाव्याच्या चौथा हिस्सासुद्धा नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एक हप्ता भरला गेला, खातं नियमित झालं असं नाही. मूळ प्रश्न कराराचा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या करारात आजच्या खाटा, आजचे पगार आणि आजची यंत्रं कशी बसणार? तो दर काही वर्षांनी तिघांनी बसून नवा करायला हवा, हिशेब दरवर्षी जुळवायला हवा. आंदोलनाने दार उघडं राहतं, पण आतलं काम चालतं ते कागदावर.

आपल्या सोसायटीचंच बघा. बिल्डरने इमारत बांधून दिली, पण पंचवीस वर्षं ती उभी आहे ती दरमहा भरलेल्या मेंटेनन्सवर, सिंकिंग फंडावर, वेळेवर झालेल्या ऑडिटवर आणि सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्या चार सभासदांवर. त्या चौघांचा आपल्याला कधी कधी कंटाळा येतो, पण ते नसते तर पाण्याच्या टाकीची गळती आजही तशीच असती.

म्हणून आता थोडं आपल्या गावाविषयी. अंबरनाथ पश्चिमेला आपल्या हाकेच्या अंतरावर डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय आहे. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात १० नवीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात अंबरनाथचंही नाव होतं. एमबीबीएसच्या १०० जागा आपल्या गावाला मिळाल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण जाहीर होणं वेगळं आणि रोज सकाळी ओपीडीत डॉक्टर बसलेला असणं वेगळं.

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मंजूर पदं किती, भरलेली किती, औषधांसाठी किती निधी आला आणि किती खर्च झाला, हे २००५ च्या माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून विचारता येतं. आपल्या सोसायटीत निवृत्त परिचारिका असतील, लेखा विभागातली माणसं असतील, वकील असतील. सकाळच्या फेरफटक्याच्या वेळातला महिन्यातून एक तास या कामाला दिला तर खूप होईल. वॉर्ड बंद पडल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा, पद रिकामं राहिल्याच्या तिसऱ्या महिन्यात पत्र लिहिणं सोपं आणि स्वस्त आहे.

वाडियाच्या दारात उभ्या राहिलेल्या आयांना करार, अनुदान, आकस्मिकता निधी यातलं काही माहीत नसेल. पण आपलं मूल आत आहे आणि दार बंद होता कामा नये, एवढं त्यांना कळत होतं. बाकीचं कळून घेण्याचं काम आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्यांचं आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीतून असे दोन-चार जण तयार झाले, तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अंबरनाथच्या रुग्णालयाविषयी कुणीतरी याहून चांगला लेख लिहील.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.