सरसाची भट्टी आणि पांढरा डिंक

आमच्या आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत रंधे, पटाश्या, वाकस यांच्यासोबत एक दुहेरी भांडे होते. बाहेरच्या भांड्यात पाणी, आतल्यात सरस. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला हा सरस रात्रभर भिजवायचा आणि सकाळी मंद आचेवर वितळवायचा. आच जास्त झाली की त्याचा कस जाई. लाकडाला लावल्यावर तो मिनिटा-दोन मिनिटांत आळू लागे, म्हणून सांधा तेवढ्यात बसवावा लागे. शिवाय पावसाळ्यात तो ओल धरी, आणि वासाबद्दल तर बोलायलाच नको!

नवा डिंक अधिक मजबूत होता म्हणून सरस मागे पडला, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. नीट बसलेला सरसाचा सांधा ताणला तर बहुधा लाकूडच आधी फाटते. सुतारांना खरी सुटका हवी होती ती भट्टीपासून आणि घाईपासून.

त्या सुटकेचे मूळ जर्मनीत आहे. ग्रिसहाइम-इलेक्ट्रॉन या कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ च्या सुमारास पॉलिव्हिनिल ॲसिटेट शोधले. पुढे या पॉलिमरचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवण्याची रीत निघाली. डिंक पांढरा दिसतो तो हे कण प्रकाश विखुरतात म्हणून. पाणी लाकडात मुरले आणि उडाले, की कण एकमेकांत मिसळून पारदर्शक पापुद्रा होतो आणि तो लाकडाच्या तंतूंना धरून बसतो. विस्तव नको, भिजवणे नको. सांधा गुण्यात आणायला चार मिनिटे जास्त मिळतात. तरी हा डिंक सर्वगुणसंपन्न नाही. साधा प्रकार पाण्यात नरम पडतो, सततच्या भाराखाली हळूहळू सरकतोही.

मुंबईत १९५९ साली बळवंत पारेख यांनी फेव्हिकॉल आणला. वकिलीचे शिक्षण घेतलेले पारेख एके काळी लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई होते आणि त्याच्याच गोदामात राहत. ‘मोविकॉल’ या जर्मन डिंकाच्या नावावरून हे नाव सुचले. माझ्या मते त्यांची खरी हुशारी रसायनात नव्हती, गिऱ्हाईक ओळखण्यात होती. दुकानदारावर विसंबून न राहता त्यांनी माल थेट सुतारांपर्यंत नेला.

गेल्या वर्षी आजोबांनी केलेल्या खुर्चीचा पाय डगमगू लागला. गरम पाण्याचे फडके गुंडाळून ठेवल्यावर सरस सुटला, कुसू सालीतून अलगद बाहेर आले, आणि ताजा सरस लावून पाय पुन्हा बसवला. वडिलांनी फेव्हिकॉलने जोडलेल्या टेबलाचा पाय काढताना मात्र लाकूडच फाटले. व्हायोलिन बनवणारे आजही सरस का सोडत नाहीत, ते मला त्या दिवशी कळले.