सीमेपलीकडचा व्हॉल्व्ह

विकसनशील देशांच्या ऊर्जासुरक्षेकडे नव्याने वळणारा विद्यार्थी बहुधा एक भीती सोबत घेऊन येतो : शेजाऱ्याशी बिनसलं, की तो गॅसचा व्हॉल्व्ह बंद करील. भीती खोटी नाही. पण या विषयातला सर्वांत शिकवणारा प्रसंग अशा दोन देशांमधला आहे, ज्यांचं त्या वेळी काहीच बिनसलं नव्हतं.

१९९५मध्ये अर्जेंटिना आणि चिली यांनी गॅसव्यापाराचा करार केला. १९९७मध्ये अँडीज ओलांडून गॅसवाहिनी सान्तियागोला पोहोचली. उत्तरेच्या अटाकामा वाळवंटासाठी तर चढाओढीने दोन वाहिन्या टाकल्या गेल्या आणि १९९९मध्ये दोन्ही सुरू झाल्या. गॅस स्वस्त होता, आणि धुराने कोंदलेल्या सान्तियागोला तो हवाच होता. मग अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली. जानेवारी २००२मध्ये तिथल्या सरकारने गॅस-विजेचे दर डॉलरपासून तोडून पेसोत गोठवले. एका डॉलरला एक असलेला पेसो मात्र काही महिन्यांत तीनच्या पुढे घसरला. होरपळलेल्या जनतेला सावरण्यासाठी घेतलेला तो निर्णय होता. त्याला नुसतं अविचारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तरी परिणाम व्हायचे ते झालेच. स्वस्त गॅसची मागणी फुगली, नव्या विहिरींत पैसा घालायला कोणी पुढे येईना, आणि २००४मध्ये तुटवडा पडताच सरकारने आधी आपल्या ग्राहकांचा विचार करून निर्यातीला कात्री लावली. चिलीतल्या वीजकेंद्रांवर महागडं डिझेल जाळायची वेळ आली. त्याच वर्षी बोलिव्हियाने अर्जेंटिनाला गॅस देऊ केला, तोही त्यातला एक रेणूसुद्धा चिलीला जाणार नाही या अटीवर. १८७९मध्ये पेटलेल्या युद्धात चिलीने बोलिव्हियाचा समुद्रकिनारा घेतला होता, ती जखम सव्वाशे वर्षांनी गॅसच्या करारात उमटली.

म्हणून माझा आग्रह असा, की खरेदीदार देशाच्या सुरक्षेचा अभ्यास विक्रेत्याच्या देशांतर्गत गॅसदरापासून सुरू करावा. नकाशा नंतर उघडावा.

खरेदीदाराचाही हिशेब तपासावा लागतो. नायजेरियाचा गॅस बेनिन आणि टोगोच्या किनाऱ्यालगत, समुद्रतळावरच्या वाहिनीतून घानाला जातो. ऑगस्ट २०१२मध्ये टोगोजवळ जहाजाच्या नांगराने ती वाहिनी निकामी झाली आणि घानाने कित्येक महिने वीजटंचाई सोसली. तो अपघात होता. पण पुढे पुरवठा घटला त्यामागे घानाची थकलेली बिलंही होती, आणि ग्राहकाला पुरेशी वीज न देणारं मंडळ बिल तरी कशातून भरणार?

भारतात आजही सीमेपलीकडून येणारी एकही गॅसवाहिनी नाही. इराण, म्यानमार, तुर्कमेनिस्तान अशा तिन्ही दिशांच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. आपण मात्र दहेज, दाभोळसारख्या बंदरांत द्रवरूप गॅस उतरवून घेत राहिलो. चिलीनेही २००९पासून हीच वाट धरली. जहाजाला कोणत्याही शेजाऱ्याच्या हद्दीतून यावं लागत नाही, हे खरं. पण जास्त भाव देणाऱ्याकडे ते वळूही शकतं. २०२२मध्ये युरोप मिळेल त्या भावाने गॅस उचलत होता, आणि पाकिस्तानच्या जुलैतल्या निविदेला एकही बोली आली नाही. जमिनीत पुरलेली वाहिनी विक्रेत्यालाही बांधून ठेवते, ही तिची ताकद आपल्याकडच्या चर्चेत फार कमी वेळा मोजली जाते.

या क्षेत्रात येणाऱ्यांना आज ताजं कामही आहे. १९९९मध्ये बोलिव्हियाचा गॅस ब्राझीलला नेण्यासाठी ३,००० किलोमीटरहून लांब वाहिनी सुरू झाली. आता बोलिव्हियाचं उत्पादन आटत चाललं आहे, आणि २०२५मध्ये अर्जेंटिनाचा गॅस बोलिव्हियातून ब्राझीलला जाऊ लागला. कालचा विक्रेता आज वाटेतला देश झाला. त्याने वाहतुकीचं भाडं किती घ्यावं, टंचाईत आपली गरज आधी भागवावी का, आणि अर्जेंटिनाने २००४ची पुनरावृत्ती केली तर ब्राझीलने दाद कुठे मागावी, हे प्रश्न पोर्तुगीज-स्पॅनिश कागदपत्रांत विखुरलेले आहेत. मराठीत त्यांवर लिहिणारे अभ्यासक मला हवे आहेत.