टाकीखालची माती

कोपर स्थानकात मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग खालून जातो आणि दिवा–वसई मार्ग त्याच्या डोक्यावरून. पलीकडे उल्हासची खाडी, अलीकडे डोंबिवली. या पट्ट्यात वर खारी चिकणमाती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. पाणी फार खोल नाही. अशा जमिनीत पुरलेल्या इंधनाच्या लोखंडी टाकीला गंज लवकर धरतो.

पेट्रोल भारतात आले ते डब्यांतून. 1928 साली बर्मा-शेल कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या दशकात रस्त्यापासून जरा आत घेतलेली सर्व्हिस स्टेशने उभी राहू लागली. टाकी जमिनीखाली पुरायची ती आगीच्या भीतीने. 1934 चा पेट्रोलियम कायदा याच भीतीतून घडला. त्याची अंमलबजावणी आजही नागपूरला मुख्यालय असलेल्या स्फोटक खात्याकडे आहे. ठिणगी, वाफ, दोन टाक्यांमधले अंतर, सगळ्याचा विचार बारकाईने झाला. टाकीखालच्या मातीचा मात्र कुणी केला नाही, आणि ही उणीव फार महागात पडली आहे.

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. ठाण्याचे वागळे इस्टेट, मग डोंबिवली अशा वसाहती भरत गेल्या. बॉयलरला फर्नेस ऑईल, ट्रकला डिझेल लागे, आणि तेही टाक्यांत साठवले जाई. पुढे काही कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या. पाया खणताना डिझेलचा वास आला, तर ती माती डंपरमध्ये भरून कुठल्या भरावात गेली, याची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती.

टाकीची गळती दिसत का नाही, याचे उत्तर पेट्रोल पंपावरच्या रोजच्या कामात आहे. कर्मचारी सकाळी टाकीत डिप रॉड सोडतो, ओल्या खुणेवरून साठा काढतो आणि विक्रीशी ताळा जुळवतो. पेट्रोल उन्हाने फुगते, थंडीने आकसते, थोडे उडूनही जाते. तेवढी घट हिशेबात धरलेलीच असते. टाकीच्या बुडाला सुईएवढे छिद्र पडले, तर रोजची गळती याच घटीत मुरून जाते.

मातीत उतरलेले पेट्रोल भूजलावर तवंगासारखे पसरते आणि त्यातले बेंझिन पाण्यात विरघळते. बेंझिनने कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. खालच्या बेसाल्टमध्ये पेट्रोल भेगाभेगांतून वाट काढते. कुठे निघेल ते सांगता येत नाही. भोर तालुक्यातल्या ससेवाडीत, पुणे–सातारा महामार्गालगत, पंपाच्या टाकीतून झिरपलेले पेट्रोल विहिरींत उतरले. ज्या विहिरीवर गाव जगते, तिच्या पाण्याला पेट्रोलचा वास यावा, यापेक्षा मोठा अन्याय कोणता?

अमेरिकेने 1984 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून भूमिगत टाक्यांसाठी वेगळ्या तरतुदी केल्या आणि पुढे जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा काढण्यासाठी डिसेंबर 1998 ची मुदत घातली. तिथे गळतीची पाच लाखांहून अधिक ठिकाणे नोंदली गेली.

टाकी काढण्याचे काम जिकिरीचे. आधी उरलेले इंधन उपसायचे, मग आतली वाफ घालवायची. वाफमापक यंत्राने खात्री पटल्याशिवाय गॅस कटर जवळही आणायचा नाही. टाकी वर आली की खड्ड्याच्या तळाचे आणि बाजूंचे नमुने घ्यायचे. माती फार खराब असेल तर तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावी लागते. कमी खराब असेल तर ढीग रचून, हवा, ओल आणि खत देऊन जिवाणूंकरवी साफ करता येते. टेरी संस्थेने यासाठी ‘ऑईलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण तयार केले, ते मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळलेले असते. या कामाला महिने लागतात. मोक्याच्या भूखंडावर तेवढे थांबायची बिल्डरची तयारी नसते, आणि नेमकी तिथेच माती हरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत गळती कळवण्याची आणि बिघडलेली माती, भूजल सुधारण्याची जबाबदारी तेल कंपन्यांवर टाकली. जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. संशयित जागा शोधून राज्य मंडळाला कळवण्याचे पहिले काम त्यांनी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाकडे दिले आहे. कोपरपुरते ते काम कल्याण-डोंबिवली महापालिकेचे. जुने पंप, बंद कारखाने, बॉयलरच्या टाक्या कुठे होत्या, हे सांगणारे परवाने आणि नकाशे सरकारी दप्तरांत आहेत. ते जाणणारे जुने कामगार डोंबिवलीत अजून राहतात. त्यांना आताच विचारून घ्यायला हवे.